नावेतून आलेली नावं

गेल्या अंकात मी फिजी बेटांवरच्या सुवा शहरातल्या भाजीबाजाराबद्दल लिहिलं होतं. यजमानांच्या नोकरीपायी आम्ही तिथे नऊ वर्षं काढली. मी एका शाळेत जीवशास्त्र शिकवायचे आणि दर शनिवारी सकाळी पिशवी घेऊन बाजार गाठायचे. भाजी घ्यायला दहा मिनिटं लागत आणि 'हिला काय म्हणतात, तिचं काय करतात' हे विचारण्यात दोन तास जात. त्यातून झाडापाल्याच्या नावांची एक दोनशे पानी वही भरली. ती अजून आहे, हळदीच्या डागांसकट. लेखावर पत्रं बरीच आली, म्हणून या वेळचं सदर त्यांनाच देते. उत्तरं लांबली तर मास्तरणीची खोड म्हणून सोडून द्या.

प्रश्न : बाई, तुम्ही विमानतळाच्या गावाचं नाव 'नाडी' लिहिलंत. माझा भाचा तिथे जाऊन आला, तो म्हणतो लोक 'नांदी' म्हणतात. आणि तुमचं ते 'दालो' म्हणजे आपलं अळूच ना? मग ते खाजत नाही का? (एक वाचक, गुहागर)

भाच्याचं बरोबर, माझं चूक. नाडी पायजम्याला असते, गावाचं नाव नांदीच. नऊ वर्षं मी स्वतः नांदी म्हणत होते, पण लिहायला बसल्यावर पाटीवरची इंग्रजी अक्षरं डोळ्यांपुढे आली आणि हात घसरला.

फिजीच्या मूळ रहिवाशांची भाषा, म्हणजे वोसा वाकाविती, रोमन लिपीत लिहितात, पण अक्षरांचे उच्चार त्यांचे त्यांचे. 'डी' लिहिला की वाचायचा 'न्द'. 'बी' लिहिला की 'म्ब', 'क्यू' लिहिला की 'ङ्ग'. 'जी' म्हणजे नुसता 'ङ'. आणि 'सी' म्हणजे इंग्रजीत 'दिस, दॅट' म्हणताना जिभेचं टोक दातांना लागतं तो 'द'. १८३५ साली डेव्हिड कारगिल आणि विल्यम क्रॉस हे दोन मिशनरी टोंगाहून लाकेम्बा बेटावर उतरले, त्यांच्या वेळेपासूनची ही लिपी. तिथल्या माणसाच्या कानाला 'म्ब' हा एकच आवाज. नुसता 'ब' त्याच्या बोलण्यात नाहीच. एका आवाजाला एक अक्षर, इतका सरळ हिशेब. आपल्याला तो शिकायला पाच मिनिटं पुरतात, अनुस्वार आपल्या अंगवळणी पडलेला आहे. खाली मी सगळी नावं उच्चाराप्रमाणे लिहिते, म्हणजे पुन्हा नाडी सुटायला नको.

तर न्दालो. हो, अळूच. आपण पानं आवडीनं खातो आणि अळकुड्या कधीमधी. तिथे जमिनीतला कांदा हेच जेवण, आपल्याकडच्या भातासारखं. पानांना वेगळं नाव आहे, रोउरोउ. बाजारात रोउरोउच्या जुड्या वेगळ्या आणि न्दालो देठांनी एकत्र बांधलेले वेगळे. बाकी भाजी वाट्यांवर, अगदी आपल्या कोळणी मासळीचे वाटे लावतात तशी.

खाजतं का? मला विचारा. पहिल्याच महिन्यात मी रोउरोउची जुडी आणली आणि आपल्या फदफद्याचा नियम विसरून, चिंच नाही की आमसूल नाही, नारळाच्या रसात दहा मिनिटं शिजवून पानात वाढली. दुसऱ्या घासाला घशात सुया. पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते मी मुलांना फळ्यावर काढून दाखवत होते आणि घरी स्वतःच्या घशात टोचून घेतले. शेजारीण आली, पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, अगं अजून निम्मा वेळसुद्धा झाला नाही. त्यांच्याकडे आंबट घालायची रीत नाही. पान पार गळून जाईपर्यंत शिजवायचं आणि मग घट्ट लोलो, म्हणजे नारळाचं दूध.

न्दालोच्या जातींची नावं माझ्या वहीत तीन पानं भरून आहेत. त्यातली 'ताउसाला नि सामोआ' बाजारात सर्वांत जास्त दिसते, गुलाबी झाक असलेली. नावातच सामोआ आहे. १९९३ साली सामोआत अळूवर करपा आला आणि शेतंच्या शेतं बसली. न्यूझीलंडला जाणारा त्यांचा माल थांबला, ती जागा फिजीच्या तावेऊनी बेटानं घेतली. घेतली ती सामोआचं नाव असलेल्या जातीच्या जिवावर.

प्रश्न : माझा मुलगा ऑकलंडला असतो. त्याच्या फिजीच्या मित्रांनी त्याला गढूळ पाण्यासारखं काहीतरी पाजलं. जीभ बधिर झाली म्हणतो. मी घाबरले आहे. ही दारू का? (एक आई, नाशिक)

घाबरू नका. दारू नव्हे, त्यात आंबवलेलं काही नसतं. ते यांगोना. टोंगात 'कावा' म्हणतात, जगातही तेच नाव चाललं. झुडपाची मुळं वाळवायची, लोखंडी खलात कुटायची, फडक्यात बांधून गार पाण्यात चोळायची. चव मातीसारखी, थोडी मिरमिरी. आधी ओठ बधिर होतात, मग जीभ, आणि तिसऱ्या-चौथ्या वाटीनंतर माणूस शांत होऊन भिंतीला टेकतो. भांडखोर होत नाही, एवढं मी खात्रीनं सांगते. आमच्या गल्लीत रात्री यांगोनाची बैठक असली की कुत्रीसुद्धा भुंकत नसत. मात्र ज्याचं यकृत दुखावलेलं आहे किंवा जो वरून दारू घेतो त्यानं यापासून लांब राहावं. तेवढं मुलाला सांगा.

आता तुमच्या ओळखीची बाजू. यांगोना हे पायपर कुळातलं. मिरी त्याच कुळातली, पिंपळी त्याच कुळातली आणि नागवेलही. पान हातात घेतलंत तर तेच हृदयाच्या आकाराचं, फक्त विड्याच्या पानापेक्षा मोठं. आणि नातं पानापुरतं नाही. परक्या गावात शिरायचं तर यांगोनाच्या मुळांची जुडी गावच्या मुख्यापुढे ठेवायची, त्याला सेवुसेवु म्हणतात. जुडी स्वीकारली की तुम्ही त्या गावचे पाहुणे. आपल्याकडे विडा पुढे केला की जे होतं तेच. पहिल्यांदा मी कुटलेली पूड घेऊन गेले, तर ड्रायव्हरनं गाडी थांबवून परत बाजारात नेलं. पूड घरी प्यायला, मुख्यापुढे अख्खी मुळं लागतात.

मुळांनाही नावं. बारीक लांब मुळं ती वाका, सर्वांत महाग. बुंध्याजवळचा जाड भाग तो लेवेना, स्वस्त आणि सौम्य. कालवायचं ते पायांचं लाकडी पात्र म्हणजे तानोआ, वेसी नावाच्या लाकडाचं. प्यायची नारळाची करवंटी म्हणजे म्बिलो. वाटी पुढे आली की एकदा टाळी, मग एका दमात पिऊन परत द्यायची आणि पुन्हा तीन टाळ्या. टाळी चपटी नव्हे, तळवे खोलगट करून, दबक्या आवाजाची. सगळे म्हणतात 'मादा', म्हणजे रिकामी झाली. नवख्याला विचारतात, भरती की ओहोटी? तुमच्या मुलाला पुढच्या वेळी ओहोटी मागायला सांगा, अर्धीच वाटी मिळते.

एक गोष्ट मला त्या झाडाबद्दल फार आवडते. त्याला बी धरत नाही. फांदीचा तुकडा लावायचा तेव्हा पुढचं झाड. वानुआतूकडे माणसानं ते रानातून परसात आणलं आणि तिथून टोंगा, सामोआ, थेट हवाईपर्यंत जिथे जिथे आहे तिथे कुणीतरी हातानं नेलेलं आहे. पक्ष्यानं टाकलेलं नाही की पाण्यावर वाहत गेलेलं नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये विन्स्टन चक्रीवादळानं मळे झोपवले तेव्हा भाव कडाडले ते यामुळेही. झाड हाताशी यायला तीन-चार वर्षं लागतात.

प्रश्न : आमचं देवक कळंब. तुमच्या लेखात 'कुळाचं झाड' असा शब्द ओझरता आला होता. तिकडेही देवक असतं की काय? (एक वाचक, सातारा)

असतं म्हणायला हरकत नाही. तिथे प्रत्येक कुळाला सहसा तीन गोष्टी असतात : एक झाड, एक मासा आणि एक पक्षी किंवा प्राणी. लग्नाच्या मांडवात आपण देवक बसवतो तसा विधी मी तिथे पाहिला नाही. पण दोन अनोळखी माणसं भेटली की गावाबरोबर कुळ विचारतात, आणि कुळ कळलं की झाड कळतं.

विती लेवू हे सर्वांत मोठं बेट. त्याच्या काही भागांत या झाडाचं नाव चारचौघांत घेत नाहीत. बायका-पुरुष एकत्र असताना तर नाहीच, कारण त्या नावाला दुसरा, चावट अर्थ चिकटलेला असतो. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. बाजारात एका पानाकडे बोट दाखवून मी वहीत बघत खणखणीत आवाजात नाव वाचलं. समोरची विक्रेती खाली बघायला लागली, तिच्या शेजारचीनं तोंडावर हात धरला आणि पलीकडचा नारळवाला हसून हसून टेकला. शेवटी एका म्हातारीनं मला बाजूला घेऊन सांगितलं की ते हिच्या माहेरचं झाड. त्यानंतर मी उभी होते तोवर सगळ्याजणी त्या पाल्याला 'ते' म्हणत होत्या, माझी आजी आजोबांना 'इकडून' म्हणायची तशा. कोणतं झाड ते इथे लिहीत नाही. काय सांगावं, अंक सुव्यालाही जात असेल.

प्रश्न : आमच्या परड्यात नीरफणस आहे. कापं खाऊन कंटाळलो. तिथे दुसरं काही करतात का? (एक वाचक, वेंगुर्ला)

करतात, आणि कापांपेक्षा कमी खटपटीचं. नीरफणसाला तिथे उतो म्हणतात. उतो म्हणजे हृदय, काळीज. फळालाही तेच नाव आणि छातीतल्यालाही तेच. कापून गाभा बघितला की पटतं.

फळ पूर्ण वाढलेलं पण कडक हवं. सालीवर चिकाचे सुकलेले थेंब दिसले की झालं. धुवायचं, चिरायचं नाही, तसंच्या तसं निखाऱ्यांवर ठेवायचं. अधूनमधून फिरवायचं. साल सगळीकडून कोळशासारखी काळी झाली आणि देठाकडून वाफ निघू लागली की काढायचं, साधारण तासभर लागतो. काळी साल सुरीनं खरवडली की आत पिवळसर, भट्टीतल्या पावासारखा मऊ गर. मीठ आणि ओलं खोबरं पुरे. आमच्या मुलाला त्यावर लोणी लागायचं. तुमच्याकडे सुकटीची चटणी असेल तर माझी वाट बघू नका.

दुसरा प्रकार घरात करू नका, पण ऐकून ठेवा. पूर्वी उतो पुष्कळ आला की खड्ड्यात पानं अंथरून तो पुरत, वरून दगड. आत तो आंबायचा आणि महिनोन् महिने टिकायचा. वादळानं शेत नेलं की खड्डा उघडायचा. त्या आंबट गोळ्याचं नाव मान्द्राय. पुढे गोऱ्यांचा पाव आला तेव्हा त्यालाही तेच नाव मिळालं, आणि आज बेकरीत जाऊन मान्द्राय मागितलं की मऊ पांढरी लादी हातात पडते. मूळचा कोण ते तरुण मुलांना ठाऊक नसतं.

याच फळापायी ब्रिटिश आरमारातला कॅप्टन ब्लाय फिजीच्या बेटांमधून पळत सुटला होता. ताहितीहून हजारावर रोपं 'बाउंटी' जहाजावर लादून तो वेस्ट इंडीजला निघाला होता, तिथल्या मळ्यांतल्या गुलामांना स्वस्त अन्न मिळावं म्हणून. २८ एप्रिल १७८९ ला बंड झालं, त्याला अठरा माणसांसकट एका उघड्या होडीत सोडून दिलं आणि रोपं समुद्रात गेली. ती होडी फिजीच्या बेटांमधून चालली असताना दोन नावा मागे लागल्या. ब्लाय कुठेही न उतरता निसटला. त्या पाण्याला आजही त्याचंच नाव आहे. रोपं त्यानं पुढच्या खेपेला, १७९३ साली, पोचवलीच. ज्यांच्यासाठी नेली त्यांना ती आधी मुळीच रुचली नाहीत, हे मला न्यायाचं वाटतं.

प्रश्न : तिथे चतुर्थीला साबुदाणा मिळायचा का? (एक वाचक, पुणे)

मिळायचा, भारतीय दुकानात. पण साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो ताज्या ढिगानं समोर असताना पाकीट कशाला? त्याला ताविओका म्हणतात आणि तो तिथे गरिबाच्या ताटात रोज असतो. मूळचा दक्षिण अमेरिकेचा, नावही तिकडचंच. 'टॅपिओका' तोंडात घोळवून बघा. मी उकडून, जिऱ्याची फोडणी देऊन करायचे. उपासाला चालतो का हे तुमच्या घरच्यांना विचारा. साबुदाणा चालत असेल तर मला भांडायला जागा आहे.

प्रश्न : मॅडम, मी वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोकण किनाऱ्यावरची कोणती झाडं तिथे आहेत? आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवर एकाच झाडाची नावं सारखी असतात असं वाचलं, ते कसं? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

तुझा प्रश्न वाचून वही पुन्हा पहिल्यापासून चाळली.

आधी झाडं. पहिल्या रविवारी समुद्रावर गेले आणि वाटलं, मी देवबागलाच आले. उंडी होती, तिला तिथे न्दिलो म्हणतात. आपल्याकडे उंडीच्या तेलावर दिवे जळत आणि ते सांध्यांना चोळत. तिथेही चोळतात, बाटल्या भरून विकतात. भेंडीचं झाड, म्हणजे पारोसा पिंपळ, तिथे मुलोमुलो. मुंबईच्या भेंडीबाजाराचं नाव याच झाडावरून पडलं असं एक मत आहे, हे मी तिथल्या बायकांना सांगितलं तेव्हा त्यांना फार आनंद झाला. बारतोंडी तिथे कुरा. पांगारा तिथे न्द्राला.

न्द्रालापाशी जरा थांब. आपल्याकडे पांगारा होळीच्या सुमाराला लाल होतो आणि आपण फोटो काढतो. तिथे तो फुलला की कोनफळाच्या जातीचा उवी नावाचा कंद लावायची वेळ झाली, असा संकेत. हे वर्षाचं वेळापत्रकच झाडांवर आणि कामांवर चालतं. वुला म्हणजे चंद्र आणि वुला म्हणजे महिना. एक महिना वुला इ वेरेवेरे, म्हणजे रान साफ करण्याचा, आपल्या बेणणीसारखा. एक वुला इ वावाकान्दा, उवीच्या वेलांना काठ्या लावण्याचा. एक वुला इ केलिकेली, कंद खणून काढण्याचा. शाळेतल्या माळ्याला तारीख विचारली की तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचा, पण लावणी विचारली की झाडाकडे.

आता नावं. समुद्रकाठी वाढणारा पिवळ्या फुलांचा एक जास्वंदीचा भाऊबंद असतो. सकाळी फूल पिवळं, संध्याकाळी तांबूस होऊन गळतं. त्याच्या सालीचे धागे काढून पूर्वी यांगोना गाळत. फिजीत त्याला वाऊ म्हणतात. सामोआत तोच फाऊ. हवाईत हाऊ. एक योगायोग म्हणशील. मग उवी घे : फिजीत उवी, सामोआत उफी, हवाईत उही. दोन्हींत 'व' चा 'फ' आणि 'फ' चा 'ह'. सुवा ते होनोलुलू पाच हजार किलोमीटर, मध्ये सगळं पाणी. आणि उलट दिशेला जा : मलय भाषेत कंदाला उबी, आफ्रिकेजवळच्या मादागास्करात ओवी. ज्या लोकांनी हे शब्द नेले त्यांनी कंदही नेले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी ते फिजीला पोचले, शिडाच्या नावांमधून, आणि त्या नावांत माणसांच्या जोडीला ओल्या पाल्यात गुंडाळलेले अळूचे कांदे, केळीचे मुनवे, नीरफणसाचे फुटवे, उसाची कांडी होती. मराठीत नाव आणि नाव एकच शब्द आहे, तो मला तिथे पहिल्यांदा नीट कळला.

नारळ तर सगळीकडे निऊच. पण आपण जसं शहाळं, अडसर, नारळ, गोटा म्हणतो तसं त्यांचंही वयानुसार नाव बदलतं. पाणी प्यायचा तो म्बू. कोंब येऊन आत कापसासारखा गोड गोळा झालेला तो वारा. मुलांची त्यावर झडप असायची, माझीसुद्धा.

आणि एक नाव या सगळ्यांच्या उलट वाटेनं आलेलं. रताळं, कुमाला. न्यूझीलंडचे माओरी त्याला कूमारा म्हणतात. रताळं मूळचं दक्षिण अमेरिकेचं आणि तिथल्या केचुआ भाषेत 'कुमार'सारखाच शब्द आहे. कूक बेटांपैकी मंगाइयावर रताळ्याचे जुने जळके तुकडे सापडले आहेत, कोलंबस जन्मायच्या आधीचे. म्हणजे इकडची माणसं तिकडे गेली असतील किंवा तिकडची इकडे आली असतील, आणि निघताना शब्द विचारून घेतला असेल. आपल्याकडे हाच कंद पोर्तुगीजांमार्फत आला. कॅरिबियन बेटांवर रताळ्याला 'बटाटा' म्हणत. तो शब्द आपण भलत्याच कंदाला दिला.

परीक्षेसाठी एक जोडी लिहून ठेव. वुतु राकाराका : चौकोनी फळाचं मोठं झाड, बी कुटून पाण्यात टाकली की मासे गुंगतात. वुतु काना : त्याच घराण्यातलं, याचं बी खातात. काना म्हणजे खाणे. कुठलं तोंडात घालायचं ते नावातच सांगून ठेवलंय, लॅटिन नावात ती सोय नाही.

प्रश्न : मला मधुमेह आहे. नोनीच्या रसाची महागडी बाटली एकानं गळ्यात मारली. फिजीचे लोक हा रस किती घेतात? प्रमाण कळवावे. (एक वाचक, ठाणे)

प्रमाण कळवणार नाही. मी मास्तरीण आहे, डॉक्टर नाही. शिवाय नोनी म्हणजे आपली बारतोंडीच; पिकलेल्या फळाला शिळ्या चीजसारखा वास येतो आणि कोकणात ती कुंपणाला फुकट उभी असते. रसात पोटॅशियम बरंच असतं, मूत्रपिंड अशक्त असेल तर ते अंगावर येतं. तुमच्या डॉक्टरांना बाटली दाखवा.

पण तिथल्या औषधांबद्दल थोडं सांगते. पाण्याला तिथे वाय म्हणतात आणि औषधालाही वायच, कारण औषध म्हणजे पाला चुरून पिळलेलं पाणी. डॉक्टर म्हणजे वुनिवाय, औषधाचा बुंधा. इस्पितळ म्हणजे वाले नि म्बुला, जीवनाचं घर. रस्त्यात भेटल्यावर 'म्बुला' म्हणतात तोच शब्द. आपल्याकडे ब्राह्मी म्हणून खपतो तो कारिवणा तिथे तोतोन्द्रो, तोही औषधात.

एकदा कोयतीनं नारळ सोलताना माझं बोट कापलं. शेजारणीनं कुंपणावरचा एक वेल ओरबाडला, पानं तळहातावर चोळून हिरवा रस जखमेवर पिळला. रक्त थांबलं. नाव विचारलं तर वा म्बोसुदु. वा म्हणजे वेल. पूर्वापार औषध, म्हणाली. घरी येऊन पुस्तक उघडलं तर तो वेल मूळ अमेरिकेचा आणि फिजीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेला, शेतकऱ्यांची डोकेदुखी. तिच्या आजीनं तो बघितला, पारखला, नाव दिलं आणि दोन पिढ्यांत तो पूर्वापार झाला.

शेजारच्या सामोआची गोष्टही ऐका. तिथल्या वैदू बायका ममाला नावाच्या झाडाचा काढा काविळीवर देत. पॉल ॲलन कॉक्स या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानं तो त्यांच्याकडून शिकून घेतला, प्रयोगशाळेत त्यातून प्रोस्ट्राटिन हे द्रव्य हाती आलं आणि एचआयव्हीवरच्या संशोधनात गेलं. २००४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलेतल्या शाखेनं सामोआ सरकारशी करार केला : यातून पैसा आला तर निम्मा सामोआचा. औषध अजून दुकानात आलेलं नाही. पण साल कोणत्या झाडाची घ्यायची आणि कोणत्या नाही, हे ज्या बायकांना नेमकं माहीत होतं त्यांचा वाटा कागदावर तरी आला.

प्रश्न : फिजीमध्ये एखाद्या झाडाचं किंवा भाजीचं नाव मराठी आहे का? मी सहावीत आहे. (दापोली)

शुद्ध मराठी मला सापडलं नाही, बाळा. १८७९ ते १९१६ या काळात सुमारे साठ हजार भारतीय मजूर उसाच्या मळ्यांवर तिथे नेले, त्यांना गिरमिटिये म्हणतात. जहाजं कलकत्त्याहून आणि पुढे मद्रासहूनही सुटायची, म्हणून शब्दही त्या बाजूचे गेले. वांग्याला फिजीची माणसं म्हणतात म्बाइङानी. हळू म्हणून बघ, आतून 'बैंगन' ऐकू येईल. आणि उलटही झालं, तिथले भारतीय यांगोनाला नंगोना म्हणतात.

पण आपल्या किनाऱ्याचा एक शब्द मात्र आहे. केरळात आंब्याला 'माङ्ङा' म्हणतात. तो पोर्तुगीजांनी उचलला, त्यांच्याकडून इंग्रजांनी घेतला आणि त्यांच्या जहाजातून फिजीला गेला. तिथे बाजारात आंब्याच्या वाट्यापुढे पुठ्ठ्याची पाटी असते, तिच्यावर एम, ए, क्यू, ओ अशी चार अक्षरं. कशी वाचायची ते गुहागरच्या काकांच्या उत्तरात बघ.